उन्हात ठेवलेला ढोल

जालन्याहून परतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे. बाभळीला कापूस लागत नाही हे मलाही कळतं. टेंपो वरपर्यंत ठासून भरतात, ताडपत्रीच्या कडेनं कापूस उडतो आणि काट्यांत अडकून बसतो. लहानपणी मला ते फार सुंदर वाटायचं. आता वाटत नाही. त्या एका हंगामापासून बाभळी अशा पांढऱ्या दिसू लागल्या की माझे कान आपोआप टवकारतात. कुठं काही वाजतंय का, हे मी आधी ऐकते आणि मग हातातलं काम पुढे नेते.

त्या हंगामात माझी लेक यशोधरा, आमची यशू, पुण्याहून सुट्टीला आली ती ढोल घेऊन. मी जालन्यात कॉलेजात इतिहास शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी माझ्या माहेरी, आबांकडे जातो. आबा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, आईच्या माघारी गावात एकटे राहणारे, भयंकर हट्टी गृहस्थ. वाटूर फाट्यावर मी यशूला घ्यायला गेले, तर एसटीतून आधी ढोल उतरला आणि मग ती. कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्याचं अर्धं तिकीट घ्यायला पाहिजे होतं." सगळे हसले. मीही हसले.

जेंबे म्हणतात त्या ढोलाला. एकाच लाकडातून कोरलेला, वर रुंद, मध्ये बारीक, आपल्या उखळासारखा. तोंडावर बकरीचं कातडं आणि त्याला ताणून धरणाऱ्या दोऱ्यांची जाळी. पश्चिम आफ्रिकेतले एक गुरुजी पुण्यात येऊन शिकवायचे, त्यांच्याकडे यशू दोन पावसाळे जात होती. काठी नाही, नुसते तळहात. मध्यभागी हात पडला की पोटातून निघाल्यासारखा खोल आवाज, आणि कडेला बोटं पडली की कोरडा, टणक.

आबांनी ढोल पाहिला आणि काहीच बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत की आमच्या घरात सगळे हळू चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दव होतं, यशूनं ढोलावर थाप मारली तर आवाज दबका, ओला आला. आबा दात घासत होते. चूळ भरून म्हणाले, "उन्हात ठेव ते. थंडीनं आवाज बसलाय."

मी पन्नाशी गाठली तोवर आबांच्या तोंडून वाद्याबद्दल निघालेलं ते पहिलं वाक्य.

त्या सुट्टीत यशू सारखी त्या ढोलाबद्दलच बोलायची. गुरुजींकडून ऐकलेलं, पुढे स्वतः वाचलेलं. तिकडे काही ढोल चक्क बोलतात म्हणे. भाषेचे चढउतार आवाजात उतरवतात आणि या गावचा निरोप त्या गावाला कळतो. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाजवणं हाच मान. मग गोरे आले, माणसं जहाजांत कोंबून समुद्रापार नेली, उसात आणि कापसात जुंपली. तिथं मालकांना ढोलाची धास्ती बसली. रात्री एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर काय निरोप जातोय हे त्यांना कळेना. म्हणून कितीतरी ठिकाणी ढोलावर बंदी आली. "मग काय केलं असेल त्यांनी?" यशू भाकरी थापता थापता थांबून विचारायची आणि उत्तर स्वतःच द्यायची. मांड्या वाजवल्या, छाती वाजवली, जमीन पायांनी वाजवली. मालाची रिकामी खोकी वाजवली. पुढे तेलाची पिंपं ठोकून ठोकून त्यातून सूर काढले. आज जगभर जे ऐकून पोरं नाचतात त्यातलं कितीतरी तिथून निघालंय.

आबा ऐकत होते. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला होता.

मलाही मग एक आठवलं. जालन्यात आम्ही आधी ज्या गल्लीत राहत होतो तिथं लग्नात मरफा यायचा. छोटे नगारे, त्यावर बारीक छड्या, आणि मधेच हातातल्या लाकडी तलवारी फिरवत नाचणारी माणसं. शेजारचे चाचा अभिमानानं सांगायचे, "ये हबशियों की चीज है, निज़ाम के ज़माने से." निजामाच्या फौजेत आफ्रिकेतून आलेले शिपाई होते, त्यांच्याबरोबर तो ठेका हैदराबादेत आला आणि तिथून आमच्या मराठवाड्यापर्यंत. इतिहास शिकवणारी बाई मी, आणि समुद्रापारचा ढोल आपल्या गल्लीतल्या मांडवात वाजत होता हे मला लेकीचं बोलणं ऐकेपर्यंत कधी एकत्र जोडून दिसलं नव्हतं. त्या क्षणी मात्र फार बरं वाटलं. वाटलं, जग केवढं लहान आहे. वाद्यांना ना वेस अडवते ना समुद्र.

वेस अडवते, हे कळायला पुढचे दोन दिवस पुरले.

दुपार होती. गल्लीतल्या बाया वेचणीहून लवकर परतल्या होत्या, कारण आभाळ भरून आलं होतं. कमरेला बांधलेल्या वेचणीच्या ओट्या सोडून, केसांतला कापूस झटकत त्या दारांत बसल्या होत्या. यशूनं सकाळभर उन्हात ठेवलेला ढोल पुढ्यात घेतला आणि एक संथ ठेका धरला. दोन जड थापा, मोठी जागा रिकामी, मग एक हलकी. पुन्हा दोन जड. गुरुजींनी शिकवलेला, कापणीच्या वेळचा कुठलासा साधा ठेका होता तो. मला तर आवडला.

समोरच्या चंद्रकलाकाकू उठल्या आणि पदर डोक्यावर घेऊन आमच्या दारात आल्या. त्यांच्या मागून गल्लीतले एकदोन म्हातारे, काठी टेकत. बुद्धविहाराच्या पायरीवर बसलेले होते तेही उठले. वरच्या आळीकडूनही कोणीतरी वाकून बघत होतं. तरण्यांपैकी कोणीच उठलं नव्हतं, सगळे सत्तरीच्या पुढचे.

"गुरुजी," काकूंनी आबांना विचारलं, "कोण गेलं?"

यशूचे हात जागच्या जागी थांबले. आबा म्हणाले, "कोणी न्हाई गेलं. पोरगी शिकून राह्यली."

"मंग हे काऊन वाजवून राह्यली?" काकू म्हणाल्या आणि परत फिरल्या. मागचे म्हातारेही फिरले, पण आपापल्या घरात न जाता बराच वेळ ओट्यांवर उभे राहिले.

संध्याकाळी यशूनं आबांना विचारलंच. तेव्हा आबांनी जे सांगितलं ते मीही प्रथमच ऐकत होते. त्यांचे वडील सखाराम. गाव त्यांना सख्या म्हणायचं. गावात मयत झालं की सख्याच्या घरी सांगावा यायचा, आणि सख्याचं डफडं पुढे लागल्याशिवाय तिरडी उचलायची नाही असा रिवाज. ऊन असो, ताप असो, घरात स्वतःचं लेकरू आजारी असो. आबा तेव्हा लहान. त्यांचं काम पाचटाचा जाळ करून डफडं शेकायचं. "कातडं थंड असलं की बोलत न्हाई," आबा म्हणाले. "मी शेकायचो, बाप वाजवायचा. तोच ठेका, दोन जड, एक हलकी. वाजवणं झालं की लांबूनच धडुत्यात भाकर टाकायचे."

मग छप्पन साल आलं. आमच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला आणि ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही, गावाचं डफडं वाजवायचं नाही. सगळ्या घरांतली डफडी वेशीसमोर आणून एकावर एक रचली आणि पेटवली. "तुला सांगतो पोरी," आबा यशूला म्हणाले, "कातडं तापलं की ताणतं. जळायच्या आदी एकएक डफडं आपोआप बोललं. धाड्. धाड्. वाजवणारं कोणी न्हाई अन् वाजून राह्यलं. माझा बाप कानावर हात ठेवून बसला व्हता."

यशू म्हणाली, "पण आबा, हे तर उलटंच झालं. तिकडे त्यांचा ढोल हिसकावून घेतला."

"हां. तिथं हिसकावला. अन् इथं गळ्यात बांधला," आबा म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आले. तात्या म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं घर, रस्त्याला लागून दूरवर त्यांचीच पऱ्हाटी, कापसाचं रान. आबांपेक्षा दहाबारा वर्षांनी लहान. आले ते अदबीनं, चपला काढून बसले, चहा घेतला. यशूचं कौतुक केलं. मग म्हणाले, "गुरुजी, आमच्या थोरल्या बाईचं काही खरं न्हाई आता. अन्नपाणी सुटलं. काल दुपारी तुमच्याकडचा आवाज आल्ता न, तवा डोळे उघडले तिनं. म्हणून राह्यली, सख्या आला का?"

थोरल्या बाई म्हणजे तात्यांची आई. नवी नवरी म्हणून गावात आल्या तेव्हा पुढे सख्याचं डफडं होतं, हे त्या जन्मभर सांगत आल्या होत्या. मला त्यांचा राग येत नाही, तेव्हाही आला नाही. मरताना माणूस आपल्याला ठाऊक असलेलाच आवाज मागणार. अंगावर काटा आला तो त्या आवाजाचं नाव ऐकून. जो माणूस जाऊन जमाना झाला त्याला कोणीतरी पुन्हा कामावर बोलावत होतं.

"तिची एकच इच्छा हाय," तात्या म्हणाले. "शेवटच्या वाटंला तुमच्या घरचं डफडं पाहिजे. बँडवाला न्हाई."

"आमच्या घरात डफडं न्हाई, तात्या."

"हे काय मंग?"

"हे पोरीचं हाय. तिनं शिकून घेतलेलं."

"ते बराबर हाय. मंग पोरीनं वाजवलं तरी चालंल. आमचं काही म्हणणं न्हाई," तात्या उदारपणे म्हणाले आणि चपला घालून गेले.

यशूची घालमेल मला दिसत होती. तिच्या गुरुजींच्या देशात मेलेल्या माणसापुढे वाजवणं हे पुण्याचं काम. एका म्हातारीला जाताना दोन थापा ऐकवल्या तर काय बिघडलं? मला तिनं तसं विचारलंही. मी तिला एवढंच सांगितलं की तू नाही म्हणून बघ, मग काय होतं ते कळेल.

नाही म्हणायचीही गरज पडली नाही. आम्ही नुसते गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी पहाटे चंद्रकलाकाकू डबा बांधून निघाल्या आणि अर्ध्या वाटेवरून परत आल्या. "येऊ नका म्हणे. वेचायला दुसऱ्या गावच्या बाया सांगितल्या." पांढऱ्याफटक शेताकडे बघत गल्लीतल्या बाया दिवसभर दारांत बसून राहिल्या. गिरणीवाल्यानं आमचं दळण तसंच ठेवून घेतलं, लाइट नाही म्हणाला, आणि त्याच्या डोक्यावर बल्ब जळत होता. दुधाचं पोरगं आमच्या गल्लीत वळलंच नाही. भांडण नाही, शिवी नाही, कोणी डोळे वटारले नाहीत. गाव नुसतं एका म्हातारीच्या श्वासाकडे कान लावून बसलं होतं, आणि आम्हीही. कोणाच्या मरणाची अशी वाट पाहायला लागणं ही फार वाईट गोष्ट आहे. मी तर मनातल्या मनात रोज त्या बाईंना आयुष्य मागत होते.

त्या दिवसांत ढोल कोणी वाजवला नाही. आबा तो रोज उन्हात ठेवायचे आणि ऊन कललं की आत घ्यायचे.

तात्या पुन्हा आले ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. चपला काढल्या नाहीत. "किसना, बघ बाबा," ते म्हणाले. "गाव करी ते राव न करी. गावात राहायचं म्हणल्यावर तुला बराबर राहावं लागंल."

किसन हे आबांचं नाव. मी ते नाव असं उघडं, गुरुजीशिवाय, प्रथमच ऐकलं. दहाबारा वर्षांनी लहान माणूस आमच्या दारात उभा राहून माझ्या ऐंशीला टेकलेल्या बापाला अरेतुरे करत होता, आणि त्यात त्याला काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. यशू माझ्या मागे उभी होती. तिचा श्वास मला मानेवर जाणवत होता. न वाजवायचं तिचं त्याच वेळी ठरलं असणार, कारण नंतर तिनं मला काही विचारलं नाही.

थोरल्या बाई भर दुपारी गेल्या. रडण्याचा आवाज वरच्या आळीतून आला आणि गल्लीतली दारं एकेक करून लागली. आमचं दार आबांनी उघडंच ठेवलं. उंबऱ्यात पाट टाकून बसले, ढोल पुढ्यात घेतला. यशू त्यांच्या मागे उभी राहिली, दोन्ही हात ओढणीत गुंडाळून.

तिरडी आली. स्मशानाची वाट आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते. तिथं ती थांबली. खांदेकरी खांदा न बदलता उभे राहिले. भजन म्हणणारे थांबले. मडकं धरलेले तात्या पुढे होते, त्यांनी मान वळवून आमच्या दाराकडे पाहिलं. कोणी हाक मारली नाही. पलीकडच्या रानात वेचलेल्या कापसाच्या ढिगावर ताडपत्री फडफडत होती, तेवढाच आवाज. आबांनी दोन्ही तळहात कातड्यावर सपाट टेकवले होते. आधी मला वाटलं ते वाजवणार. मग कळलं की ते ढोल दाबून धरताहेत, वाऱ्यानंसुद्धा त्यातून काही निघू नये म्हणून. त्यांच्या मनगटांच्या शिरा तटतटल्या होत्या. यशू हलली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, "चला," आणि तिरडी गेली.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आबांनी ढोल उन्हातून उचलला, अंगणाच्या मधोमध मांडला, वर चढवलेल्या बाह्या आणखी वर सारल्या आणि वाजवायला सुरुवात केली. दोन जड, मोठी जागा, एक हलकी. ज्या हातांनी आयुष्यभर खडू धरला ते हात कुठंही चुकले नाहीत. यशूचं वाजवणं गोड होतं. आबांच्या वाजवण्यात गोडवा औषधालाही नव्हता. एकेक थाप जमिनीत जात होती. गल्लीतले म्हातारे पुन्हा दारांत आले. वरच्या आळीतलेही आले, या वेळी थेट आमच्या कुंपणापर्यंत. कालच तर एक मयत झालेली, आता आणखी कोण?

"गुरुजी, कोण गेलं?" काकूंनीच विचारलं.

आबा वाजवायचे थांबले नाहीत. "माझा बाप," ते म्हणाले.

कोणाला काही कळेना. मग ठेक्याच्या मधल्या त्या रिकाम्या जागेत आबा थोडं थोडं बोलले. सख्यानं गावातल्या प्रत्येक मयताला वाजवलं. तो गेला तेव्हा डफडी जळून गेली होती. बुद्धवंदना झाली, चार माणसांनी उचलला, न वाजवता नेला. "ते बराबरच झालं," आबा म्हणाले. "आम्हीच ठरवल्तं. पण त्याचं राह्यलं व्हतं." आणि मग बराच वेळ नुसतं वाजवत राहिले. मी रडले. यशूही रडली, पुण्याहून आणलेल्या सगळ्या शहाणपणासकट. चंद्रकलाकाकूंनी अंगणातच बसकण मारली आणि हात जोडले.

कुंपणापलीकडची माणसं कधी गेली ते आम्ही पाहिलं नाही.

दुसऱ्या सकाळी ढोल उन्हात होता आणि त्याचं कातडं कोणीतरी मधोमध चिरलं होतं. एकच घाव, सरळ, धारदार विळ्याचा असावा. कोणाचा ते आजवर कळलं नाही. आम्ही विचारलंही नाही. यशू त्या फाटक्या तोंडात हात घालून बसून राहिली. आबांनी चीर बोटानं चाचपली आणि म्हणाले, "कातडं बदलता येतं."

त्याच आठवड्यात आभाळ पुन्हा भरून आलं आणि तात्यांच्या माणसानं गल्लीत येऊन वेचणीला बाया बोलावल्या. कापूस कोणासाठी थांबत नाही. भिजला की काळा पडतो. बाया गेल्या. गिरणीही सुरू झाली. गावानं जणू काही झालंच नाही असं वागायला सुरुवात केली, आणि मला सगळ्यात जास्त भीती तेव्हाच वाटली. मी आबांना घेऊन जालन्याला आले. कुलूप लावताना ते एवढंच म्हणाले, "जल्दी चल, एसटी चुकंल."

तेव्हापासून ते माझ्याकडेच आहेत. या दसऱ्यानंतर त्यांनी खाट धरली. डॉक्टर घरी येऊन जातात, मला बाजूला घेऊन बोलतात. खिडकीखालून कापसाचे टेंपो जातात तेव्हा आबांची बोटं चादरीवर हलतात. दोन, मग थांबतात, मग एक. मी पाहते आणि दुसरीकडे बघते. त्यांच्या वेळेला काय करायचं, वंदनेशिवाय आणखी काही करायचं का, हे विचारायची मला छाती झाली नाही. वाजव म्हणणं हे त्यांना जमणारं नाही. जन्मभर ज्या शब्दाविरुद्ध ते उभे राहिले तोच शब्द नातीला कसा म्हणतील?

आज सकाळी यशूचा फोन आला. दुपारी पोचते म्हणाली. जरा थांबून विचारलं, "आई, ढोल आणू? नवं कातडं चढवलंय."

मी फोन हातात धरून आबांकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं होतं. डोळे मिटलेले होते, ओठ हलले. मी खाली वाकले.

"तिच्या मनात असंल तर आण म्हणा," आबा म्हणाले. "पण आल्याबरोबर उन्हात ठेव म्हणा. थंडी पडून राह्यली."

मी गच्चीवर गेले, वाळत घातलेले कपडे काढले आणि ऊन जिथं सगळ्यात जास्त वेळ राहतं तेवढी जागा झाडून घेतली.